पती-पत्नी शिबिर, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार: जाऊन आलो, सविस्तर लिहितेय

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तीन-चार जणींनी विचारलं की तुम्ही ते शिबिर केलंत ना, कसं असतं, पैशाच्या मानाने बरं आहे का, आणि मुख्य म्हणजे नवरा यायला तयार होतो का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. ज्या चर्चने हे भरवलं त्यांचं नाव आणि जागेचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढे काही तक्रारीपण आहेत आणि त्या मी त्यांच्या ऑफिसात तोंडावर सांगून आलेय. पुण्यातल्या कुठल्याही मराठी चर्चमध्ये चौकशी केलीत तर असं शिबिर कुठे ना कुठे होत असतंच, तेव्हा अनुभव कामाला येईल.

आम्ही दापोडीला राहतो, ह्यांची नोकरी चाकणला, शिफ्ट ड्युटी. घरात सासूबाई, मोठी मुलगी नववीत, धाकटा सहावीत. लग्नाला सोळा वर्षं झाली. भांडण असं रोज नव्हतंच, उलट बोलणंच बंद झालेलं. कारण सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ह्यांनी मुलीच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडून दोन लाख धाकट्या भावाला दिले आणि मला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं. त्यानंतर जवळजवळ आठ महिने आमच्या घरात "डबा भरला का", "गॅस संपलाय", "आईंची गोळी आणा" एवढंच बोलणं. रविवारी चर्चला मात्र चौघं एका बाकावर, भजनाचं एकच पुस्तक दोघांच्या हातात, आणि घरी आल्यावर तो एका खोलीत नि मी दुसऱ्या. सासूबाई सगळं बघत होत्या. त्या नगरकडच्या, त्यांच्या माहेरी रात्री नऊला प्रार्थना झाल्याशिवाय ताट वाढलं जात नसे, आणि आमच्याकडे ती प्रार्थना शिफ्ट, क्लास, मोबाईल ह्यात कधी बंद पडली कुणाला सांगतापण येणार नाही. शिबिराचा फॉर्म त्यांनीच पाळक साहेबांकडून आणला आणि पहिले पाचशे रुपये स्वतःच्या पेन्शनीतून भरले, म्हणून आम्ही गेलो, नाहीतर गेलो नसतो.

फी जोडप्यामागे बत्तीसशे, त्यात दोन रात्रींचं राहणं, सगळी जेवणं, चहा, वह्या. जागा शहराबाहेर सोलापूर रोडच्या बाजूला, आवार मोठं, झाडं भरपूर. खोल्या साध्या, दोन लोखंडी पलंग आणि एक टेबल, चादरी स्वच्छ. गादी पातळ आहे, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी घरून काहीतरी जाड अंथरायला न्यावं. गरम पाणी फक्त सकाळी सहा ते सात. जेवण घरच्यासारखं, शनिवारी दुपारी चिकन रस्सा आणि बाजरीची भाकरी होती ती खरंच छान, बाकी वरण-भात-भाजी. एकूण एकवीस जोडपी होती, काही आमच्यासारखी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, बरीचशी कॅथलिक, दोन-तीन पेंटेकोस्टल मंडळ्यांमधली आणि एक जोडपं असं की बायको ख्रिस्ती आणि नवरा हिंदू. पंचवीस वर्षांच्या मुलामुलीपासून सत्तरीच्या आजी-आजोबांपर्यंत.

आता मुख्य गोष्ट म्हणजे पद्धत. मला वाटलेलं की तीन दिवस नुसती प्रवचनं असणार. तसं नाहीये. चालवणारे एक फादर आणि दोन अनुभवी जोडपी, ते आधी वीसेक मिनिटं स्वतःच्या संसारातलं काहीतरी सांगतात, अगदी उघडपणे, साक्ष देतात तसं, आणि मग एक प्रश्न देतात. प्रत्येकाला एक शंभर पानी वही. दहा मिनिटं दोघांनी वेगवेगळं बसून त्या प्रश्नावर एकमेकांना पत्र लिहायचं, मग वह्या बदलायच्या, वाचायचं, आणि दहा मिनिटं त्यावरच बोलायचं. बास. ग्रुपमध्ये काहीही सांगावं लागत नाही, तुमची वही दुसरं कुणी बघत नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण बऱ्याच जणी ह्याच भीतीने जात नाहीत. त्या फादरनी सांगितलं की हे असं शिबिर पहिल्यांदा स्पेनमध्ये बार्सिलोनाला 1962 साली झालं, फादर गॅब्रिएल काल्वो म्हणून होते त्यांनी सुरू केलं, आणि तेव्हा 28 जोडपी होती. तिथून ते जगभर पसरलं, मूळ कॅथलिक असलं तरी आमच्या शिबिरात सगळ्या मंडळ्यांची माणसं होती आणि कुणालाही परकं वाटलं नाही.

शुक्रवारी रात्री एक गोष्ट शिकवली ती माझ्या डोक्यात कायमची बसलीये. चालवणाऱ्या जोडप्यातले एक काका म्हणाले की मराठीत आपण "मला वाटतं" हे दोन्हीकडे वापरतो, मत सांगायलापण आणि मनातलं सांगायलापण. "मला वाटतं तू बेजबाबदार आहेस" ह्यात मला काय वाटतंय ते कुठे आलं? तो तर आरोप झाला. म्हणून वहीत "वाटतं" लिहायचं असेल तर त्याच्या आधी भीती, राग, लाज, एकटं, बरं, हलकं, असा एखादा शब्द आलाच पाहिजे. मी पहिलं पत्र लिहिलं ते अख्खं पान भरून लिहिलं आणि नंतर वाचून बघितलं तर त्यात असा एकही शब्द नव्हता, सगळा हिशोब होता, कोणत्या तारखेला काय झालं आणि तुम्ही काय केलंत. ते पान फाडलं आणि परत लिहिलं, आणि दुसऱ्यांदा लिहिताना पेन चालेना कारण खरं जे होतं ते हे होतं की मला पैशापेक्षा जास्त भीती वाटत होती की ह्या घरात माझं काही स्थानच नाहीये की काय.

आमचे हे दहावीनंतर आयटीआय केलेले, लिहायची सवय म्हणजे रजेचा अर्ज. त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. शनिवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागे आंब्याचा पार आहे तिथे बसून मी वाचलं. लिहिलं होतं की तुला विचारलं नाही कारण तू नाही म्हणशील ही भीती होती, आणि बाबा गेल्यावर भावाला मीच वाढवलं, त्याच्यासमोर माझ्याकडे नाहीत असं म्हणायची मला लाज वाटली, आणि तुझ्यापासून लपवलं त्याची त्याहून जास्त लाज वाटते पण बोलायला तोंड नाही. अक्षर वाकडंतिकडं, "लाज" शब्द दोनदा खोडून परत लिहिलेला. सोळा वर्षांत हे वाक्य ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं आणि तोंडून आलंही नसतं. ते बाजूला मान खाली घालून बसलेले, हातात पेनाचं टोपण फिरवत. मी रडले, तेही रडले. दहा मिनिटांची घंटा झाली तरी उठलो नाही, आणि कुणी उठवायलाही आलं नाही, ही चालवणाऱ्यांची समज मला फार आवडली.

एक काका होते साठीच्या पुढचे, त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांना वेगळं केलं नाही, त्यांच्या बायकोने लिहायचं आणि त्यांनी बोलायचं, दोघं लांब भिंतीपाशी खुर्च्या टाकून बसायचे. सगळ्यात जास्त वेळ तेच बसायचे.

शनिवारी संध्याकाळी क्षमेचा भाग असतो. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो ते वाचलं आणि मग प्रत्येक जोडप्याला एक घमेलं, तांब्या आणि टॉवेल. आधी नवऱ्याने बायकोचे पाय धुवायचे. आता हे वाचताना साधं वाटेल, पण आपल्याकडे पाय कोण कुणाचे धुतं ते बघा ना, लग्नात जावयाचे पाय धुतले जातात, बाई वाकते, बाप्या उभा राहतो, हेच लहानपणापासून बघितलेलं. हॉलमध्ये एकदम शांत झालं. ह्यांनी हिरव्या प्लास्टिकच्या घमेल्यात माझे पाय घेतले. माझ्या टाचांना ह्या एवढ्या भेगा, दिवसभर उभं राहून राहून, मी संकोचून पाय मागे ओढला तर त्यांनी हलकेच परत पुढे घेतला, आणि भेगांवरून अंगठा फिरवत हळू म्हणाले, "हे कधी झालं?" एवढंच. एफडीबद्दल माफ कर म्हणून ते आधी वहीत लिहून चुकले होते, पण माझ्यासाठी माफी ती ह्या तीन शब्दांत आली, कारण आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. मग मी त्यांचे धुतले, सेफ्टी शूजने बोटं सगळी कडक झालेली.

श्रद्धेचा ह्यात काय भाग, असं मला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, की हे तर कुठल्याही काउन्सेलरकडे होईल. होईलही, आणि गरज असेल तर काउन्सेलरकडे जरूर जावं. पण मला जे दिसलं ते सांगते. काउन्सेलरसमोर दोघं आपापली बाजू घेऊन बसले असते आणि मी नक्कीच जिंकले असते, कारण चूक त्यांचीच होती. पण जिथे दोघांनाही लहानपणापासून शिकवलंय की आपल्यालाच आधी क्षमा मिळालीये, आपण कुणी धुतल्या तांदळासारखे नाही, तिथे जिंकण्याला काही अर्थ उरत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतोच की आमचे अपराध क्षमा कर, जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केलीये तसे. आठ महिने मी ते दर रविवारी म्हणत होते आणि शेजारच्या माणसाला सोडून म्हणत होते. त्या घमेल्यापाशी ते वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

रविवार सकाळबद्दल मात्र मी नाराज आहे आणि ते स्पष्ट लिहिणार. त्या दिवशी बाहेरून एक पाहुणे वक्ते बोलावले होते. तासाभराचं होतं ते दीड तास चाललं. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय घेतला आणि बाविसाव्या वचनापासूनच सुरुवात, बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं. त्याच्या आधीचं एकविसावं वचन, जिथे सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन राहा असं आहे, ते वाचलंच नाही, आणि पंचविसावं, जिथे नवऱ्याने बायकोवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करावी, म्हणजे स्वतःला देऊन टाकण्याइतकी, ते दोन मिनिटांत उरकलं. आदल्या संध्याकाळी ज्या नवऱ्यांनी गुडघे टेकून पाय धुतले त्यांना सकाळी हे ऐकवायचं? पुढे घर टिकवायचं तर बाईने सहन केलं पाहिजे असं तीन-चार वेळा आलं. मागच्या रांगेतली एक ताई उभी राहिली आणि तिने विचारलं की नवरा हात उचलत असेल तर काय करायचं. उत्तर मिळालं की जास्त प्रार्थना करा. माझ्या अंगावर काटा आला.

चहानंतर चालवणाऱ्या जोडप्यातल्या काकू स्वतः पुढे आल्या आणि त्यांनी ते दुरुस्त केलं, ह्याबद्दल त्यांचे आभार. त्या म्हणाल्या मारहाण असेल तर आधी सुरक्षित जागी जा, 181 ही महिला हेल्पलाइन आहे तिला फोन करा, 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, प्रार्थना आम्ही तुझ्यासोबत करू पण मार खात करू नकोस. आणि मग त्यांनी पंडिता रमाबाईंची आठवण काढली. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, नंतर आपल्याच जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ज्या बायकांना घरच घर राहिलं नव्हतं त्यांना घर दिलं. ख्रिस्ती श्रद्धेने कुटुंब मजबूत होतं असं म्हणताना रमाबाई विसरून कसं चालेल? पुढच्या वेळी त्या पाहुण्यांना बोलावू नका, आणि हा हेल्पलाइनचा भाग शुक्रवारीच सांगा, असं मी फीडबॅकच्या कागदावर लिहिलंय.

ज्यांचं लग्न दोन धर्मांतलं आहे त्यांच्यासाठी: ते जे हिंदू दादा आले होते त्यांच्यावर कुणी दबाव टाकला नाही, हे मी स्वतः बघितलं. प्रार्थनेच्या वेळी ते शांत बसायचे, वही मनापासून लिहायचे. जेवताना फादर त्यांच्याशी रेव्हरंड टिळकांबद्दल बोलत होते, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, तेव्हा घर मोडलं, त्यांची बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग संसार परत एक झाला तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, तो निर्णय त्यांनी नंतर त्यांच्या वेळेने घेतला. आमच्या सासूबाई ही गोष्ट सांगताना नेहमी लक्ष्मीबाईंच्या बाजूने सांगतात, की तिला जे सोसावं लागलं ते आधी बघा. मला तेव्हा त्यांचीच आठवण आली.

बाकी तक्रारी पटापट. मराठी पुस्तिका म्हणजे इंग्रजीचं झेरॉक्स भाषांतर, भाषा अशी की दोनदा वाचूनही प्रश्न कळत नाही, काकूंनी तोंडी समजावला म्हणून निभावलं. एवढी मराठी माणसं येतात तर कुणीतरी बसून साध्या मराठीत लिहून काढायला हवी, मी मदत करेन असं सांगून आलेय. मुलांची काहीही सोय नाही, त्यामुळे ज्यांच्या घरी सासू-आई नाही ती तरुण जोडपी येऊच शकत नाहीत आणि खरी गरज त्यांनाच. एक जोडपं दीड वर्षाचं बाळ घेऊन आलेलं, बिचारी ती बाळाची आई अर्धा वेळ बाहेर व्हरांड्यात. महिन्यातून एकदा पाच-पाच जोडप्यांनी कुणाच्यातरी घरी भेटायचं असं ठरलंय, ते छान आहे पण दोन महिन्यांत एकदाच झालं. पाचपैकी चार देईन, एक रविवार सकाळचा कापला.

घरी आल्यावर काय झालं तेही लिहिते, कारण शिबिरात सगळ्यांनाच बरं वाटतं. भावाने आतापर्यंत चाळीस हजार परत दिलेत, बाकी कधी येतील माहीत नाही, आणि मुलीच्या फीचं टेन्शन आहे तसंच आहे. तिला आम्ही दोघांनी समोर बसवून खरं सांगितलं, ती दोन दिवस बापाशी बोलली नाही, आणि ह्यांनी ते ऐकून घेतलं, ओरडले नाहीत. रात्रीची प्रार्थना परत सुरू केली. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात साडेनऊला, सगळे हॉलमध्ये, पंधरा मिनिटं, एक भजन, एक स्तोत्र, आणि प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची. भजन धाकटा निवडतो. सासूबाईंना 121 वं स्तोत्र पाठ आहे, त्या डोळे मिटून म्हणतात आणि आम्ही मागून म्हणतो. परवा 128 वं वाचलं, त्यात मुलं जेवणाच्या मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी असतील असं आहे, तर धाकट्याने विचारलं जैतून म्हणजे काय, आणि मुलगी, जी रुसून बसली होती, तीच त्याला मोबाईलवर फोटो दाखवायला लागली. दुसऱ्या शिफ्टला हे जेवणाच्या सुट्टीत फोन करतात, आम्ही स्पीकरवर ठेवतो, मागून कॅन्टीनच्या ताटांचा आवाज येत असतो, तीन-चार मिनिटंच, पण ते फोन चुकवत नाहीत.

रागात असताना सूर्य मावळू देऊ नका असं इफिसकरांस पत्रात चौथ्या अध्यायात आहे. दुसऱ्या शिफ्टवाल्या घरात सूर्य मावळताना नवरा मशीनवर उभा असतो आणि तो रात्री साडेबाराला येतो तेव्हा मी झोपलेली असते. म्हणून ती वही आम्ही फ्रिजवर ठेवलीये. राग असेल त्याने झोपायच्या आधी तीन ओळी लिहायच्या, "वाटतं"च्या आधी शब्द घालून. मुलांना हात लावायची परवानगी नाही आणि ती लावत नाहीत. शंभर पानीतली साठेक पानं झालीत.

जाणार असाल तर मुलांची सोय आधी पक्की करा, शनिवारी घरून सारखे फोन आले तर मन लागत नाही. स्वतःचं पेन न्या, तिथली पेनं नीट चालत नाहीत. नवऱ्याला रविवारची साप्ताहिक सुट्टी नसेल तर रजा महिनाभर आधी टाकायला सांगा. आणि जिच्या घरी मारहाण आहे तिने ह्या शिबिराची वाट बघू नये, आधी 181 ला फोन करावा.

पुढची बॅच नाताळ झाल्यावर, जानेवारीत आहे असं ऑफिसात सांगितलं. त्या बॅचला दोन दिवस मुलं सांभाळायला मी आणि आमच्या सासूबाई जाणार आहोत, चर्चने हो म्हटलंय.